ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बरं वाटलं ते नेमकं कशानं? अमेरिकी सैनिकांवरच्या एका चाचणीचा प्रकरण अभ्यास

एप्रिल २०११ ते ऑगस्ट २०१२ या काळात अमेरिकेतल्या चार लष्करी तळांवरच्या रुग्णालयांनी एका चाचणीसाठी ७२ सैनिक निवडले. कोलोरॅडोतलं फोर्ट कार्सन, नॉर्थ कॅरोलायनातलं कॅम्प लेजून, कॅलिफोर्नियातलं कॅम्प पेंडलटन आणि जॉर्जियातलं फोर्ट गॉर्डन हे ते तळ. सगळ्यांच्या डोक्याला कधी ना कधी सौम्य मार बसला होता. सरासरी काढली तर प्रत्येकाला ३ वेळा. शेवटच्या मारालाही सरासरी २३ महिने उलटून गेले होते. तरी डोकेदुखी, गरगरणं, उडालेली झोप, क्षुल्लक गोष्टीवरून भडकणं आणि समोरच्याचं नाव न आठवणं यांतून त्यांची सुटका झाली नव्हती.

त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. पहिल्या गटाला नेहमीचे उपचार आणि त्यावर हायपरबेरिक ऑक्सिजनची ४० सत्रं: बंद चेंबर, दीडपट वातावरणीय दाब, शुद्ध ऑक्सिजन, रोज एक तास. दुसऱ्या गटाला तेच चेंबर, तितकीच सत्रं, तितकाच वेळ, पण आत साधी हवा आणि दाब फक्त १.२ पट. या दिखाऊ उपचाराला संशोधक शॅम म्हणतात. तिसऱ्या गटाला चेंबर नाहीच, तळावर एरवी मिळतात तेच उपचार. त्रास मोजायला रिव्हरमीड नावाची १६ लक्षणांची प्रश्नावली होती, प्रत्येक लक्षणाला ० ते ४ गुण.

निकाल २०१४ च्या अखेरीस जामा इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर आला. ऑक्सिजन घेतलेल्या गटात प्रश्नावलीतला त्रास सरासरी ५.४ गुणांनी कमी झाला. साध्या हवेत बसलेल्या गटात ७.० गुणांनी. चेंबर न मिळालेल्या गटात ०.५. पहिल्या दोन गटांतला फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीनं नगण्य, पण त्या दोघांची तिसऱ्यापेक्षा सुधारणा उघड दिसत होती.

या तीन आकड्यांवरून आजही भांडण चालू आहे. ‘थेरपी फेल गेली’ म्हणणारे पहिले दोन आकडे दाखवतात. ‘थेरपी चालते’ म्हणणारे पहिला आणि तिसरा दाखवतात. मला वाटतं, खरी गोष्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांमधल्या अंतरात आहे, आणि तिच्याकडे दोन्ही बाजूंनी पाठ फिरवली.

इजा कसली होती

इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत रस्त्याकडेला पेरलेले घरगुती बॉम्ब, म्हणजे आयईडी, हे शत्रूचं मुख्य हत्यार होतं. चिलखती गाड्या, चांगली जॅकेटं आणि झटपट मिळणारे उपचार यांमुळे पूर्वीच्या युद्धात जे वाचले नसते ते वाचले. स्फोटात गाडी उलटली, डोकं आदळलं, काही क्षण डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि जवान उठून पुन्हा कामाला लागला, असं हजारोंच्या बाबतीत घडलं. २००० सालापासूनच्या दोन दशकांत अमेरिकी सैन्यदलांत मेंदूच्या इजेची ४ लाखांहून जास्त निदानं झाली. त्यांतली बहुसंख्य सौम्य गटातली, आणि बरीचशी युद्धभूमीवरची नव्हे तर सराव, अपघात आणि खेळांतली होती.

बेशुद्धी असलीच तर अर्ध्या तासाच्या आतली, आठवणीतला खंड एका दिवसाच्या आतला, आणि सीटी स्कॅन नॉर्मल, अशा माराला डॉक्टर सौम्य म्हणतात. बहुतेक लोक काही आठवड्यांत बरे होतात. काही होत नाहीत. त्यांच्या स्कॅनमध्ये दाखवण्यासारखं काही नसतं, आणि घरच्यांना समोर दिसत असतं की माणूस पूर्वीचा राहिलेला नाही. रिपोर्ट नॉर्मल आणि संसार विस्कटलेला, या अवस्थेत वर्षं काढलेल्या कुटुंबांबद्दल आधी मनात जागा असल्याशिवाय या प्रकरणातलं पुढचं काही नीट समजत नाही.

गुंतागुंत इथेच वाढते. २००८ मध्ये चार्ल्स होज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इराकहून परतलेल्या २,५२५ सैनिकांचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. त्यांतल्या साधारण १५ टक्क्यांना सौम्य मार बसला होता. ज्यांची शुद्ध हरपली होती त्यांच्यापैकी सुमारे ४४ टक्के लोकांत पीटीएसडीची, म्हणजे भीषण प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताची लक्षणं निकषात बसत होती. पीटीएसडी आणि नैराश्य यांचा वाटा हिशेबातून वेगळा काढल्यावर बाकीच्या शारीरिक तक्रारींचा त्या माराशी असलेला संबंध पुसट झाला. उरली ती डोकेदुखी.

याचा अर्थ ‘सगळं मनाचे खेळ’ असा लावणं हा सैनिकांवर सरळ अन्याय आहे. ज्या स्फोटात डोकं आदळतं त्याच स्फोटात शेजारचा मित्रही जातो. झोप दोन्हींमुळे उडते, एकाग्रता दोन्हींमुळे जाते. पीटीएसडीवर परिणामकारक उपचार आहेत, आणि लक्षणांचं मूळ चुकीच्या जागी शोधलं तर तेच हुकतात.

चेंबरचं शास्त्र

गोळी सोड्याच्या बाटलीत दाबाखाली वायू पाण्यात विरघळलेला असतो; गोळी आत ढकलली की दाब सुटतो आणि फेस वर येतो. रक्ताचंही तेच. एरवी ऑक्सिजनची वाहतूक हिमोग्लोबिन करतं आणि निरोगी माणसात ते जवळजवळ पूर्ण भरलेलंच असतं. दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन दिला तर जास्तीचा वायू रक्तद्रवात विरघळतो. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तर हा आकडा ६ च्या आसपास जातो.

खोल पाण्यातून झपाट्यानं वर आलेल्या डायव्हरना होणारा बेंड्स हा आजार, रक्तवाहिनीत शिरलेला हवेचा बुडबुडा, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, गॅस गँग्रीन, मधुमेहाच्या काही चिवट जखमा, रेडिएशननं झालेली इजा यांत ही थेरपी मान्यताप्राप्त आहे. कितीकांचे पाय आणि प्राण तिनं वाचवले आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मंजूर यादीत मेंदूचा मार मात्र नाही, आणि २०१३ मध्ये या प्रशासनानं लोकांना जाहीर सावध केलं होतं की ज्या आजारांत उपयोग सिद्ध झालेला नाही त्यांच्या जाहिरातींना भुलू नका.

मग सैनिकांच्या मनात ही आशा पेरली कुणी? लुइझियानातले डॉ. पॉल हार्च अनेक वर्षं मांडत आले आहेत की मार बसलेल्या मेंदूत मेलेल्या पेशींच्या आसपास अर्धवट थंडावलेल्या पेशी असतात आणि कमी दाबाच्या ऑक्सिजननं त्या पुन्हा कामाला लागतात. २०१२ मध्ये त्यांनी स्फोटात जखमी झालेल्या १६ सैनिकांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दीडपट दाब, ४० सत्रं. लक्षणं, स्मरणशक्ती, बुद्ध्यंक, सगळ्यांत सुधारणा. तुलनेला दुसरा गट नव्हता. पहिलं पाऊल म्हणून असा अभ्यास चालतो, पण त्यावरून धोरण ठरवता येत नाही. चाचणीत येणारा माणूस बहुधा त्रास शिगेला पोचल्यावर येतो, तिथून थोडं खाली येणं आपोआपही घडतं, आणि तीच परीक्षा पुन्हा दिली की गुण वाढतातच.

सैन्यानं केलेली पडताळणी

अमेरिकी सैन्यदलांनी हा प्रश्न टाळला नाही, हे त्यांच्या पदरात टाकलं पाहिजे. एकामागून एक चाचण्या झाल्या. हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेनं टेक्सासमध्ये ५० सैनिकांवर २.४ पट दाबाच्या ऑक्सिजनची तुलना १.३ पट दाबाच्या हवेशी केली. दोन्ही गट सुधारले, फरक दिसला नाही.

दुसरी चाचणी फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या नौदल तळावर झाली. डेव्हिड सिफू आणि सहकाऱ्यांची ही रचना मला सगळ्यांत हुशार वाटते. सुमारे ६० मरीन सैनिक, तीन गट, आणि सगळ्यांना सारखाच, दुप्पट दाब. बदलला तो फक्त श्वासातला वायू. एका गटाला १०० टक्के ऑक्सिजन, दुसऱ्याला ७५ टक्के, तिसऱ्याला १०.५ टक्के. दुप्पट दाबाखाली १०.५ टक्के म्हणजे समुद्रसपाटीवरच्या साध्या हवेइतकाच ऑक्सिजन. कान तितकेच दडपतात, आवाज तोच, वेळ तोच, त्यामुळे कोण कुठल्या गटात हे आत बसून ओळखणं अवघड. ४० सत्रांनंतर ऑक्सिजनच्या मात्रेचा फायदा दिसला नाही.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण म्हणजे थेरपीच्या समर्थकांचा मुख्य आक्षेप. ते म्हणतात, १.२ किंवा १.३ पट दाबाची हवा हा शॅम नव्हेच, तीही थोड्या ऑक्सिजनची मात्राच आहे. म्हणून दोन्ही गट सुधारले. आक्षेप पोरकट नाही. १.२ पट दाबाची हवा म्हणजे समुद्रसपाटीवर साधारण २५ टक्के ऑक्सिजन घेतल्यासारखं. शिवाय फोर्ट कार्सन १,८०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथली हवा मुळातच विरळ. तिथल्या सैनिकाला १.२ पट दाब म्हणजे खालच्यापेक्षा मोठी उडी. पण हा मुद्दा शेवटापर्यंत नेला तर तो समर्थकांवरच उलटतो. २५ टक्के ऑक्सिजन नाकातल्या साध्या नळीतून मिनिटाला लिटरभर सोडला तरी मिळतो. तेवढ्यानं मेंदू बरा होत असेल तर महागड्या चेंबरची गरजच काय? आणि ऑक्सिजन नव्हे, दाबच काम करतो असं म्हणायचं तर ते वेगळं सिद्ध करावं लागेल, मग थेरपीच्या नावातला ऑक्सिजन कशासाठी, हा प्रश्न उभा राहतो.

२०१८ मध्ये लिंडेल वीव्हर यांच्या चमूनं ७१ सैनिकांवरच्या आणखी एका चाचणीचे निष्कर्ष छापले आणि त्यात ऑक्सिजनच्या बाजूनं थोडी चमक दिसली. १३ आठवड्यांनी लक्षणांत ऑक्सिजन गटाची सुधारणा शॅमपेक्षा जास्त होती, पीटीएसडी असलेल्यांत अधिक ठळक. सहा महिने आणि वर्षभरानं ती टिकलेली नव्हती. पीटीएसडीच्या अंगानं याचा आणखी शोध घ्यावा हे मान्य. मेंदूच्या माराचा उपाय म्हणून यावर विसंबता येत नाही. अमेरिकी संरक्षण खातं आणि माजी सैनिक खातं यांच्या २०२१ च्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांनी सौम्य मारासाठी ही थेरपी वापरू नये अशी स्पष्ट शिफारस केली आहे.

साध्या हवेतल्या त्या तासात काय होतं

आता शॅम गटाकडे नीट बघूया, कारण चार चाचण्यांमधल्या कुठल्याही ऑक्सिजन गटापेक्षा तोच जास्त बोलतो.

अशा चेंबरचा दिनक्रम सगळीकडे साधारण सारखा असतो. आल्यावर खिसे रिकामे. फोन, घड्याळ, लायटर बाहेर. अंगावर सुती कपडे, कारण ऑक्सिजनमध्ये ठिणगी म्हणजे आग. केसांना तेल नाही, डिओ नाही. तंत्रज्ञ विचारतो, काल झोप झाली का, सर्दी आहे का, कान मोकळे आहेत का. दार लागतं, दाब चढू लागतो, कानात दडे बसतात; आवंढा गिळा, नाक धरून फुंका, असं बाहेरून सांगितलं जातं. थोडी ऊब वाटते. मग तासभर काही नाही. हुकूम नाही, फोन नाही, घरचा गोंगाट नाही. तास संपला की दाब हळूहळू उतरतो, पुन्हा विचारपूस, उद्या याच वेळी या.

दोन-अडीच महिने, असे ४० दिवस. दिवसाला आकार येतो, उठायची वेळ ठरते, रोज कुणीतरी नाव घेऊन विचारतं, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, आपला त्रास खरा आहे असं मानून एवढी यंत्रणा उभी राहिलेली दिसते. ज्याला दोन वर्षं ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ एवढंच ऐकायला मिळालं त्याच्यावर याचा परिणाम होणारच. होज यांनी वेन जोनास यांच्यासोबत जामा इंटर्नल मेडिसिनमध्येच लिहिलेल्या टिपणात उपचाराच्या या विधीकडेच बोट दाखवलं होतं.

प्लासिबो, म्हणजे औषधासारखा दिसणारा पण आत औषध नसलेला उपचार, म्हटलं की आपल्याकडे फसवणूक असाच वास येतो, पण ७ गुणांचा उतार त्या सैनिकांनी खोटा सांगितला नाही. त्यांना बरं वाटलं. आणि तिसऱ्या गटाच्या अर्ध्या गुणात निराशाही मिसळलेली असणार: शेजारच्याला चेंबर मिळालं, मला नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण तेवढ्यानं तिसरा आकडा झटकून टाकता येत नाही. हे सैनिक जगातल्या सर्वांत श्रीमंत सैन्याच्या रुग्णालयांत ‘नेहमीचे उपचार’ घेत होते आणि जागचे हलले नव्हते. माझ्या मते या चाचणीतली सगळ्यांत गंभीर नोंद ती आहे. तिच्यावर मथळे झाले नाहीत, विधेयकं आली नाहीत.

विधेयकं आली ती चेंबरसाठी

ओक्लाहोमानं २०१४ मध्ये माजी सैनिकांना ही थेरपी मिळावी म्हणून कायदा केला. पुढे टेक्सास, इंडियाना, नॉर्थ कॅरोलायना अशी राज्यं त्या वाटेनं गेली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये माजी सैनिक खात्याचे तेव्हाचे सचिव डेव्हिड शुल्किन यांनी नेहमीच्या उपचारांचा गुण न आलेल्या काही पीटीएसडी रुग्णांना ती देण्याची घोषणा केली.

यामागची कळकळ मी नाकारत नाही. अमेरिकेत वर्षाला ६ हजारांहून अधिक माजी सैनिक आत्महत्या करतात. ‘या थेरपीनं माझा नवरा मला परत मिळाला’ असं एखादी बाई सांगत असताना चाचणीतल्या सरासऱ्या वाचून दाखवायला कुठल्या आमदाराची जीभ रेटेल? तिचं म्हणणं खोटंही नसतं. पण नवरा परत आला तो ऑक्सिजननं की त्या ४० दिवसांनी, हे एका घराच्या अनुभवावरून कळू शकत नाही. ते कळावं म्हणूनच ७२ जणांनी स्वतःला चिठ्ठीच्या हवाली केलं होतं. त्यांचं उत्तर आवडलं नाही म्हणून बाजूला ठेवणं ही त्यांच्याशी प्रतारणा आहे.

धोक्याचंही सांगायला हवं. कानाच्या पडद्याला इजा, सायनसचं दुखणं, काही काळ दूरचं अंधुक दिसणं हे नेहमीचे त्रास. ऑक्सिजनमुळे झटका येणं विरळ. आग त्याहून विरळ, पण लागली तर आतला माणूस सहसा वाचत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मिशिगन राज्यातल्या ट्रॉय शहरात चेंबरला आग लागून ५ वर्षांचं मूल दगावलं. त्याला जे आजार होते त्यांसाठीही ही थेरपी मंजूर नव्हती.

आपल्या जवानांच्या घरी

हायपरबेरिक औषधशास्त्र महाराष्ट्राला नवं नाही. मुंबईत कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयात डायव्हरांसाठी चेंबर आहेत. अलीकडे खासगी केंद्रंही निघाली, आणि त्यांतल्या काहींच्या जाहिरातींत मधुमेही जखमेपासून मुलांच्या ऑटिझमपर्यंत सगळं एका ओळीत असतं. स्फोटाचा अनुभवही आपल्यापासून दूर नाही. सातारा, कोल्हापूर, सांगलीच्या गावोगावी काश्मीरमध्ये आयईडी जवळून पाहिलेले माजी सैनिक आहेत. गडचिरोलीत १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस शहीद झाले. तिथे वर्षानुवर्षं ड्युटी केलेल्या जवानांनी असे धमाके सोसले आहेत. वरून जखम नसलेल्या अशा माणसाला ‘त्यानंतर झोप कशी आहे’ हे विचारायचं राहून जातं.

कुणी चेंबर सुचवलं तर तिथल्या डॉक्टरांना सरळ विचारावं: नेमक्या कुठल्या निदानासाठी, ते निदान मान्य यादीत आहे का, शॅमशी तुलना केलेला पुरावा कोणता, ४० सत्रांचा एकूण खर्च किती, आणि आग लागली तर आतल्या माणसाला किती सेकंदांत बाहेर काढता येतं. पैसे भरण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवून डोकेदुखीचा प्रकार ठरवून घ्यावा, कारण मायग्रेनसारख्या डोकेदुखीवर औषधं आहेत. दुखतं म्हणून रोज गोळी घेत असाल तर तेही सांगावं. रोजच्या गोळ्यांनीच डोकेदुखी मुक्काम ठोकते. चक्कर येत असेल तर तोल सुधारण्याचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात. निद्रानाशावर गोळ्यांशिवायची, सवयी बदलण्याची पद्धतशीर थेरपी आहे. स्फोटाची स्वप्नं पडतात का, फटाक्याला दचकून अंग गार पडतं का, हे न लाजता सांगावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी तर टेलिमानसचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्ये डिसेंबर २०२३ पासून आहे. फोन जवानाच्या बायकोनं किंवा आईनं केला तरी चालतो.